केतकरांच्या कादंबऱ्या कोणत्या क्रमाने वाचाव्यात?

शब्दयात्री:
श्रीधर व्यंकटेश केतकर हे नाव शाळेपासून ‘ज्ञानकोशकार’ म्हणूनच माहीत होते. अलीकडे ग्रंथालयात त्यांची ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) हाती लागली आणि इतकी धीट कादंबरी आपल्या वाचनातून कशी निसटली, याचे नवल वाटले. पुढे त्यांचे काय वाचावे? भाषा सर्वत्र अशीच ओबडधोबड आहे का?

जुनी पाने:
भाषा अशीच आहे. फडके-खांडेकरांच्या लालित्याची सवय झालेल्या वाचकांनी केतकरांना बाजूला सारले, त्याचे एक मोठे कारण तेच असावे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहिणारा हा समाजशास्त्रज्ञ कथानक मध्येच थांबवून चर्चा सुरू करतो; परंतु त्या चर्चेतच त्याचे सामर्थ्य आहे. ‘ब्राह्मणकन्ये’ची नायिका कालिंदी हिचेच पाहा. वडील ब्राह्मण, आईची आई मंजुळा वेश्या. त्यामुळे आपली जात कोणती आणि आपल्याला वरणार कोण, हे प्रश्न तिच्यासमोर उभे राहतात आणि ती शिवशरणप्पा या व्यापाऱ्याबरोबर विवाहावाचून राहू लागते. त्या काळच्या कथेत अशा स्त्रीच्या वाट्याला बहुधा पश्चात्ताप किंवा मरण येई. केतकर मात्र तिला पुढे आयुष्य देतात, रामरावासारखा जोडीदार देतात, आणि दोष तिच्या वर्तनात न शोधता समाजाच्या नियमांत शोधतात. आता ‘गोंडवनातील प्रियंवदा’ (१९२६) घ्या आणि त्यानंतर ‘परागंदा’. मराठी कादंबरी पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत वावरत असताना हा लेखक तिला किती दूरवर घेऊन गेला, हे त्यांवरून कळेल.

मृण्मयी:
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे. तरी केतकरांची पात्रे अनेकदा लेखकाचेच युक्तिवाद बोलून दाखवतात, हा दोष मान्य केलाच पाहिजे. दुर्गा भागवतांचे ‘केतकरी कादंबरी’ हे पुस्तक अवश्य वाचा, पण आधी नव्हे, दोन-तीन कादंबऱ्या झाल्यावर. म्हणजे आपले मत आपल्यापाशी राहील. त्याबरोबरच केतकरांच्या पत्नी शीलवती केतकर यांचे ‘मीच हे सांगितले पाहिजे’ हे आत्मकथनही वाचावे. त्या जन्माने जर्मन ज्यू होत्या आणि व्रात्यस्तोम विधी करून त्यांना हिंदू धर्मात घेण्यात आले होते. बाहेरच्या माणसाला समाज कसा सामावून घेतो, हा प्रश्न केतकरांच्या घरातलाच होता, हे ध्यानात घेतले की ‘ब्राह्मणकन्ये’तील बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातील ज्यू समाजातली, एस्तेर अधिक जवळची वाटते.

जुनी पाने:
एस्तेरबद्दलचा मुद्दा पटला. प्रती मिळण्याविषयी एक सुचवतो: केतकर १९३७ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला आहे. दुकानात न मिळाल्यास जुन्या नगर वाचनालयांत विचारून पाहावे, आणि तिथली प्रत जीर्ण असेल तर ग्रंथपालांच्या परवानगीने ती स्कॅन करून ठेवावी.