जुना स्पायडरमॅन वाचायचा तर स्वस्त, काळ्या-पांढऱ्या संग्रहातच (चर्चा)

पडवीकर, रत्नागिरी
गेल्या महिन्यापासून इथे किलोवर पुस्तकांचं प्रदर्शन लागलंय. पाककृतींच्या ढिगाखाली मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीच्या ‘इसेन्शियल’ या पुनर्मुद्रण मालिकेतले स्पायडरमॅनचे पहिले दोन खंड सापडले. प्रत्येकी पाचशेहून जास्त पानं, रंग नाहीत, कागद वर्तमानपत्राच्या जातीचा. दोन्ही मिळून तीनशे रुपयांच्या आत. चार दिवस पाऊस लागून राहिला होता, वीज जात-येत होती. पडवीत बसून दोन्ही संपवले आणि माझं मत पक्कं झालं: हे अंक असेच वाचावेत. हजारो रुपयांच्या गुळगुळीत आवृत्त्या कपाटात शोभतात, मांडीवर नाही.

सुरुवात ऑगस्ट १९६२च्या अकरा पानी पहिल्या गोष्टीपासून. तिथून सलग वाचत गेलं की चित्रकार स्टीव्ह डिट्कोचा हात कळायला लागतो. आणि १९६६चा तो ३३वा अंक! स्पायडरमॅन अजस्र यंत्राखाली अडकलाय, त्याच्या आजारी मे काकूंचं औषध समोर आहे पण हात पोचत नाही, वरून पाणी गळतंय. तो थोडं थोडं उचलत जातो, चौकटी मोठ्या होत जातात आणि मग एक अख्खं पान. बाहेर पागोळ्या गळत होत्या. ते पान उलटायचं मला सुचेना. पुढे त्याच खंडात ३९व्या अंकापासून डिट्कोच्या जागी जॉन रोमिटा येतो आणि सगळे चेहरे देखणे होतात. डिट्को गेला हे तिथे पोटात जाणवतं. सुटे अंक वाचून ते कळलं नसतं.

रंगपेटी, मालवण
माका ह्या पटूक नाय, पडवीकरानू. ती रेखाटनं पुढे रंग भरले जाणार हे धरूनच केलेली आहेत. मार्व्हलचाच हल्क घ्या. पहिल्या अंकात, मे १९६२मध्ये, तो राखाडी होता. छपाईत तो राखाडी एकसारखा येईना म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. रंगाविना छापलेल्या संग्रहात हा बदल दिसणार कुठे? दोन्हीकडे कोरा कागद! मार्व्हलची तेव्हाची रंगयोजना स्टॅन गोल्डबर्गची. नायकाला लाल-निळा, गॉब्लिनसारख्या खलनायकाला हिरवा-जांभळा. पोरगं पान उघडायच्या आधीच ओळखायचं कोण कोणाच्या बाजूचा. एका माणसाचं सगळं काम पुसून ‘असेच वाचावेत’ म्हणू नका.

पडवीकर
हल्कचं मान्य, ते माझ्या ध्यानात नव्हतं. पण महाग आवृत्तीत तरी गोल्डबर्ग कुठे भेटतो? तेव्हाचे रंग बारीक ठिपक्यांचे, खरखरीत कागदात मुरणारे. तेच आज चकचकीत कागदावर भडक होतात आणि डिट्कोची शाईची रेघ त्याखाली बुजते. मला ती रेघ हवी आहे.

नदीकाठ, चिपळूण
माझा मुद्दा वेगळा. जुलै २०२१च्या पुरात मामांची ‘इंद्रजाल’ कॉमिक्सची पेटी चिखलात गेली. १९६४ ते १९९० मधली ती मालिका म्हणजे तरी काय? मुख्यतः अमेरिकी लेखक ली फॉकच्या वेताळाचं (फँटमचं) स्वस्त पुनर्मुद्रणच की. तेही छाटून, नावं बदलून: वेताळाच्या ‘बंगाला’ देशाचं ‘डेंकाली’ केलं, ‘सिंग’ चाच्यांचं ‘सिंगा’. मामांना याचं कधीच काही वाटलं नाही. त्यांच्यासाठी वेताळ डेंकालीतच राहतो. पण चिखलातून काढलेले अंक उन्हात ठेवताना ते काही बोलले नाहीत, आणि आता ते अंक जुन्या बाजारात परवडत नाहीत. कोकणात बुरशी, वाळवी, पूर, सगळंच पुस्तकांवर टपलेलं. इथे पुन्हा घेता येईल असंच पुस्तक हवं. मराठीतला वेताळ जाड, साध्या कागदावर, काळ्या-पांढऱ्यात कोणी काढला तर मी दोन प्रती घेईन.

बंदरवाट, हर्णै
स्वस्ताईचा आनंद मलाही आहे, पण एक सल आहे. १९३८मध्ये सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी त्याचे हक्क १३० डॉलरना दिले. १९७५मध्ये, म्हातारपणी, बराच गाजावाजा झाल्यावर त्यांना वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून नाव परत मिळालं. मार्व्हलचा चित्रकार जॅक कर्बी याला स्वतःचीच मूळ चित्रं परत मिळवायला झगडावं लागलं. ज्यांच्या हातांनी हे उभं राहिलं त्यांच्या घरी किलोच्या भावातून काय जातं? मासळीचा दरसुद्धा आम्ही होडीवाल्याचा विचार करून बोलतो.

पडवीकर
तुमचा सल खरा आहे, त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणतो की त्या काळच्या करारांत चित्रकाराला पानामागे ठरलेले पैसे मिळत आणि हक्क कंपनीचे राहत. त्यामुळे नवी महाग प्रत घेतली म्हणून डिट्कोच्या घरी काही पोचतंच असं नाही. त्याचं नाव घेऊन चार पोरांना ते अख्खं पान दाखवणं मला जमतं, ते मी करतोय. शेजारचा सातवीतला मुलगा पहिला खंड घेऊन गेलाय.

रंगपेटी
त्या मुलाला ३३वा अंक रंगातही दाखवा. माझ्याकडे रंगीत पुनर्मुद्रण आहे, गणपतीत रत्नागिरीला येताना आणतो. दोन्ही शेजारी ठेवा आणि त्यालाच विचारा कुठल्या पानावर थांबला. माझी पैज रंगावर.

नदीकाठ
आणताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणा. आणि पडवीकर, त्या ढिगाखाली आणखी खंड होते का?

पडवीकर
तिसरा दिसला नाही. पण एका कोपऱ्यात मार्व्हलच्या स्पर्धक डीसी कंपनीच्या ‘शोकेस प्रेझेंट्स’ मालिकेचे दोन जाड खंड होते, तेही बिनरंगी. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे.