‘मूट’ म्हणजे वादाचा मुद्दा की निकालात निघालेला?

खानापूरकर: मी मराठी माध्यमातून शिकून आता बेळगावात कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. सीमाप्रश्नी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यावरील एका इंग्रजी लेखात, राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा असताना न्यायालयाला त्यात हात घालता येतो का, या प्रश्नाला ‘मूट’ म्हटले होते. अमेरिकी निकालांत मात्र खटला ‘मूट’ ठरला म्हणून त्याचा निवाडाच केला नाही, असे वाचायला मिळते. यातला खरा अर्थ कोणता?

निपाणीकर: दोन्ही खरे आहेत. जुन्या इंग्रजीत ‘मोट’ म्हणजे सभा (आपल्या विहिरीवरच्या मोटेशी याचा संबंध नाही), त्यामुळे सभेत ज्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल तो मुद्दा ‘मूट’. पुढे लंडनमधील वकिलांच्या संस्थांत शिकाऊ मंडळी काल्पनिक खटले लढवून सराव करू लागली. तुमच्या कॉलेजातील मूट कोर्ट त्याच परंपरेतले. अशा खटल्याच्या निकालाने कोणाचेच काही अडत नाही, म्हणून ‘व्यवहारात अर्थ न उरलेला’ हा अर्थ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. तिथला १९७४ चा डिफ्युनिस खटला पाहावा. लॉ स्कूलने नाकारलेला हा विद्यार्थी कोर्टाच्या आदेशाने वर्गात बसला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला येईपर्यंत शेवटच्या वर्षाला पोहोचला. निकाल कसाही लागला तरी त्याचे शिक्षण पूर्ण होणारच होते, म्हणून खटला मूट.

बेळगावचे एक वकील: या दुसऱ्या अर्थासाठी आपल्या कोर्टांत ‘इन्फ्रक्चुअस’ हा शब्द चालतो. भिंत पाडण्याला स्थगिती मागावी आणि सुनावणीआधीच भिंत जमीनदोस्त व्हावी, की अर्ज इन्फ्रक्चुअस म्हणून निकाली निघतो. तेव्हा तुमच्या लेखातील ‘मूट’ हा ‘वादाचा, अजून न सुटलेला’ असाच वाचावा. सीमाभागात त्याचा अर्थ ‘संपलेला’ असा कोणी सांगितला, तर भलताच गहजब होईल. आणि उच्चार ‘म्यूट’ करू नये. ऑनलाइन सुनावण्या सुरू झाल्यापासून ती चूक फार ऐकू येते.

खानापूरकर: आभारी आहे. मग महापालिकेच्या बातम्यांत प्रस्ताव ‘मूटेड’ असे छापतात, त्याचे काय?

निपाणीकर: तिथे ते क्रियापद आहे. प्रस्ताव चर्चेला मांडला एवढाच त्याचा अर्थ होतो. तो मंजूर झाला, असे समजू नये.