प्रति: शोधण्यावर पैसे कशाला, थेट पाईप बदला

या शीर्षकाच्या पोस्टमध्ये म्हटलंय की अमेरिकेत पिण्याच्या पाण्याचे शिशाचे पाईप बदलण्यासाठीचा निधी ते पाईप शोधण्यातच वाया जातो. पण पाईप नेमका कुठे आहे हेच ठाऊक नसेल तर खोदणार कुठे? २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातले १५ अब्ज डॉलर कुठल्या घराला कसला पाईप आहे याची यादी तयार करण्यासाठीही वापरता येतात. त्यातला ४९ टक्के भाग वंचित वस्त्यांना अनुदान किंवा माफ होणारं कर्ज म्हणून द्यावा लागतो. पाईपांची कागदपत्रं बहुधा तिथलीच हरवलेली असतात, म्हणून हे योग्यच वाटतं.

घरातली तपासणी सोपी आहे. पाईप घरात शिरतो तिथे, मीटरच्या आधी, नाण्याने हलकं खरवडायचं. मऊ राखाडी धातू चकाकला आणि लोहचुंबक चिकटलं नाही, तर शिसं. चिकटलं तर लोखंड किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड), तांबूस दिसलं तर तांबं. जीआय म्हणून निर्धास्त होऊ नका: त्याच्या आधी शिशाचा तुकडा असेल किंवा पूर्वी कधी असेल, तर गंजात शिसं साचतं, आणि तो पाईपही बदलायच्या यादीत जातो.

खरी चूक इथे होते: घराकडचं टोक तांब्याचं दिसलं की संपूर्ण जोडणी 'सुरक्षित' नोंदवतात. रस्त्याकडचा भाग वेगळा असू शकतो. त्यासाठी व्हॅक्यूम यंत्राने माती ओढून छोटे खड्डे घेऊन पाहावं लागतं, आणि खर्च तिथेच होतो. शिवाय भाडेकरूंच्या घरात शिरायला परवानगी मिळवणं, हेही काम माणसंच करतात, फुकट नाही.