मदत हवी आहे : करारात मुदत नसेल तर पुस्तकाचे हक्क कोणाकडे?
माझ्या वडिलांनी १९९८ साली आपल्या कथासंग्रहाचे ‘सर्व हक्क’ एका प्रकाशकांना लिहून दिले. मुद्रांकावर जेमतेम चार ओळी आणि खाली त्यांची निळ्या शाईतली सही एवढाच तो करार असून त्यात मुदतीचा उल्लेख नाही. वडील २०११ मध्ये वारले. मृत्युपत्र नाही, वारस आई आणि मी. आता प्रकाशक आम्हाला न विचारता त्या कथांचे ऑडिओबुक काढत आहेत, आणि वडिलांच्या शब्दांबाबत हे मला मान्य नाही. दोनदा रजिस्टर्ड पत्र पाठवले, तरी ‘हक्क कायमचे आमचे’ एवढेच उत्तर आले. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९(५) नुसार मुदत लिहिलेली नसल्यास हस्तांतरण पाच वर्षांचे मानले जाते. मग २००३ नंतर हक्क आपोआप आमच्याकडे परत आले, की त्यासाठी न्यायालयाचा निर्णय लागतो?