पॅरालिसिसनंतर आईचा हात आखडलाय, बोटॉक्सचं इंजेक्शन द्यावं का? (मदत हवी आहे)

मये_तळे:

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. आईला (वय ६४) गेल्या चतुर्थीनंतर पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, म्हणून उजवी बाजू गेली. १०८ ने गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेलं, तिथे निभावलं. बोलणं बरंचसं परत आलंय, काठी घेऊन घरातल्या घरात फिरते. अडलंय ते हातावर.

पहिले काही आठवडे हात अगदी लुळा होता. मग हळूहळू उलटंच झालं. कोपर दुमडून हात छातीशी, मनगट खाली वळलेलं, मूठ बंद आणि अंगठा मुठीच्या आत. खुर्चीतून उठताना किंवा साधी जांभई आली तरी हात आणखी वर चढतो. झोप लागली की मात्र बराच सैल पडतो. डॉक्टर याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. त्यांनी तपासून कोपराला २ आणि बोटांना ३ असा ग्रेड लिहिलाय (आकडा जास्त तितका ताठरपणा जास्त).

रोजची लढाई नखं आणि तळव्याची. बोटं थेट ओढली तर मूठ जास्तच आवळते. फिजिओंनी युक्ती शिकवली: मनगट आधी आणखी खाली वाकवायचं, बोटं सैल पडतात, मग एकेक करून सावकाश उघडायची, अंगठा मात्र मुळापासून धरायचा, टोकाला नाही. तेवढ्यात तळवा धुऊन, पुसून, सुती कापडाची गुंडाळी ठेवायची. आपल्याकडच्या पावसाळी हवेत एक दिवस जरी चुकला तरी तळव्याला वास येतो, कातडी पांढरी पडते.

बॅक्लोफेन (स्नायू सैल करायची गोळी) सुरू केलं होतं. हात जरा सैलावला, पण आई दिवसभर पेंगायची, आणि ज्या ताठ पायावर ती उभी राहते तोही ढिला पडला. डॉक्टरांनी डोस टप्प्याटप्प्याने खाली आणलाय (एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, हे त्यांनी दोनदा बजावलं). आता ते बोटॉक्स सुचवताहेत. कोपर आणि बोटं वाकवणाऱ्या स्नायूंत इंजेक्शन, असर साधारण तीन महिने. खर्च कमी नाही आणि पुन्हा पुन्हा घ्यावं लागेल असं दिसतंय.

मला विचारायचंय ते असं. इंजेक्शनने हात 'चालू' होतो का, की फक्त सैल होतो? कोणी घेतलं असेल तर त्यानंतर घरी नेमकं काय केलंत? आमचं दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) आहे, त्यात हे कोणाला मिळालंय का? आणि फेसबुकवर ज्या रोबोटिक हातमोज्याची जाहिरात सतत दिसते, तो आंधळेपणाने घ्यावा का?

तेलाने रगडा, स्माईली बॉल दाबायला द्या, हे रोज ऐकतोय. कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगायला आलेल्यांना आधीच हात जोडतो.

आईला एवढंच हवंय की हुमणाला (माशाच्या आमटीला) नारळ तिने स्वतः विळीवर खवणावा. मी मिक्सरमध्ये वाटतो ते तिला पसंत नाही.

----

फिजिओ_मडगाव:

न तपासता सल्ला द्यायचा नसतो, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

तुमच्या पहिल्या प्रश्नात अर्धं उत्तर आहे. बोटॉक्स स्नायू सैल करतं, नवीन हालचाल शिकवत नाही. मेंदूकडून बोटं उघडण्याचा निरोपच येत नसेल तर सैल झालेला हात सैलच राहतो. पण तेवढ्यानेही तळवा स्वच्छ राहणं, बाही घालणं, दुखणं कमी होणं हे साधतं, आणि घरातल्यांना ते फार मोठं असतं. हालचाल थोडी जरी शिल्लक असेल तर दुसरं उद्दिष्टही धरता येतं. म्हणून आईंना टेबलावर हात ठेवून बसवा आणि बघा, स्वतःहून मनगट थोडं वर येतं का, बोटं जराशी तरी उघडतात का. चांगला हात बांधून ठेवून आजारी हाताकडून काम करून घ्यायची जी पद्धत आहे, तिच्या २००६ च्या एक्साइट चाचणीत मनगट किमान १० अंश स्वतःहून वर येणारे आणि अंगठा व आणखी निदान दोन बोटं किमान १० अंश उघडणारेच रुग्ण घेतले होते. पूर्ण बंद मुठीला तो प्रकार लावून माणूस फक्त चिडतो.

झोपेत हात सैल पडतो आणि सावकाश बोटं उघडतात, हे मला तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात चांगलं वाटलं. म्हणजे स्नायू अजून कायमचे आखूड झालेले नसावेत. ते एकदा झाले की इंजेक्शन फार उपयोगाचं नाही.

इंजेक्शन घेतलंत तर आठवड्याभरात फरक कळू लागतो, चार ते सहा आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो. ताण देणं, स्प्लिंट (हात उघडा धरून ठेवणारा आधार) आणि कामाचा सराव त्याच काळात कसून व्हायला हवा. फिजिओची वेळ आधी ठरवा, मग सुईची. पैसे घालून घरी नुसतं बसलेले लोक मी पाहिलेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने थांबवू नका. नंतर गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट इस्पितळ.

बॉल काढून टाका. जी मूठ आधीच आवळलेली आहे तिला आवळायचाच व्यायाम कशाला? खांद्याला धरून ओढू नका, दोरी-कप्पीचा व्यायामही नको, अशा खांद्याला त्याने इजा होते.

रोबोबद्दल: ब्रिटनमधल्या रॅटल्स चाचणीत (२०१९, ७७० रुग्ण) रोबोच्या मदतीने सराव करूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचं काम सुधारलं नाही. तिथली यंत्रं दवाखान्यातली मोठी होती, जाहिरातीतला मोजा वेगळा, पण मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

अजून एक. हात अचानक एक-दोन दिवसांत जास्त आखडला तर डोस वाढवायच्या आधी लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, पायाचं रुतलेलं नख बघा. कारण बहुतेकदा तिथे सापडतं.

----

कुडाळकर:

वडिलांना दोनदा दिलं, हाताची बोटं आणि कोपर. पहिल्या वेळी डॉक्टरांनी अंदाजाने टोचलं, फारसं काही नाही. दुसरे सोनोग्राफीवर स्नायू बघून टोचणारे मिळाले, तेव्हा फरक पडला. हे आधी विचाराच. आमची मागणी फक्त शर्ट घालता यावा एवढीच होती, आणि तेवढं झालं. तीन महिन्यांनी उतरलं, पण पूर्वीइतकं घट्ट झालं नाही.

----

पेडणेकरीण:

कार्डाचं कोणाच्या अनुभवावर जाऊ नका. उपचाराचं नाव कागदावर लिहून घ्या आणि ज्या इस्पितळात करणार तिथल्या दीनदयाळच्या काउंटरवरच विचारा, आधी मंजुरी लागते का तेही.

----

मये_तळे:

सगळ्यांचे आभार. आज बघितलं: मनगट किंचित वर येतं, बोटं अजिबात नाहीत, अंगठा थोडा हलल्यासारखा वाटला (की मला तसं वाटावंसं वाटतंय, देव जाणे). तळवा आणि बाही हेच उद्दिष्ट सांगून डॉक्टरांशी बोलतो, सोनोग्राफीचं विचारतो. बॉल भाच्याला दिला.

@फिजिओ_मडगाव, नारळाचं राहिलं. उजव्या हाताने करवंटी फिरवणं जमणार नाही हे कळतंय. पण विळी घट्ट बसवून डाव्या हाताने खवणायचं आणि उजव्या मुठीने ताट दाबून धरायचं, असं काही शिकवतात का? डिचोली-म्हापसा भागात घरी येणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) असतील तर व्यक्तिगत निरोप करा.