मदत हवी आहे: आंब्याच्या पेजवरची तक्रार डिलीट केली, आता काय करू?

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज, सीझनचे जेमतेम पंधरा-वीस दिवस राहिलेत आणि घरात सगळेच टेन्शनमध्ये आहेत.

पावसच्या अलीकडे आमची हापूसची दीडेकशे कलमं आहेत. आधी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा, पट्टी येईल ती घ्यायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांना व्हॉट्सॲपवर विचारून पेट्या पाठवल्या, तिथून हे सुरू झालं. आता इन्स्टावर पेज आहे, ते माझी पुतणी बघते. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट आंबा उतरवताना, पेंढ्यात आढी लावताना, असे व्हिडिओ टाकतो. सासूबाई डोळे मिटून नुसत्या वासावरून कुठला आंबा उद्या होईल आणि कुठला परवा ते सांगतात, ते रील तर खूपच चाललं.

त्याच रीलखाली गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका ताईंची कमेंट आली की चार डझनातले नऊ आंबे आतून पांढरे, स्पंजासारखे आणि आंबट निघाले, मेसेज केला तर कोणी बघत पण नाही. आम्ही खरंच बघितला नव्हता हो, त्यांचा मेसेज फोटोसकट चार दिवस रिक्वेस्टच्या खणात पडून होता, तिथे पण बघायचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. फोटो बघितला आणि पोटात गोळाच आला. साका होता, म्हणजे बाहेरून चांगल्या आंब्याचा गर आतून पांढरा, स्पंजासारखा होतो तो दोष. पुतणी घाबरली आणि रात्री तिने कमेंट उडवून टाकली. सकाळी त्या ताईंनी एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला, तक्रार केली की हे लोक कमेंट डिलीट करतात म्हणून. दुपारपर्यंत तीन ऑर्डर कॅन्सल.

पुतणी जेवत नाहीये. तिचा दोष नाही, तिला कोणी शिकवलंच नव्हतं. मोठ्या कंपन्यांच्या पेजवर तर रोज शेकड्याने तक्रारी येतात, ते लोक काय करतात? आम्ही आता त्या ग्रुपवर जाऊन उत्तर द्यायचं की नुसता फोन करायचा? एक एजन्सी महिन्याला बारा हजार मागतेय, म्हणतात चार फूड ब्लॉगर आणून चांगलं लिहून घेऊ, तक्रार खाली जाईल. माझ्या मनाला ते पटत नाहीये.

प्रतिसाद, खाडीपलीकडचा:
ताई, मी सहा वर्षं मुंबईत एका कंपनीच्या सोशल मीडिया डेस्कवर होतो, आता गुहागरला परत आलोय. चूक झाली पण सावरता येईल. मोठ्या कंपनीत माणसं शिफ्टमध्ये बसलेली असतात, टॅग न करता नुसतं कंपनीचं नाव कोणी लिहिलं तरी टूलमध्ये दिसतं. पहिलं उत्तर चारचौघांत द्यायचं, दोनच ओळी, बाकी नंबर-पत्ता डीएममध्ये, म्हणजे खाजगी मेसेजमध्ये घ्यायचा. रेल्वेला एक्सवर तक्रार केलीत तर ते पीएनआर आणि मोबाईल नंबर डीएममध्येच मागतात, म्हणजे प्रवाशाचा नंबर जगाला दिसत नाही आणि दखल घेतली हे मात्र सगळ्यांना दिसतं. काम झालं की परत तिथेच येऊन झालं म्हणून लिहायचं, हे शेवटचं बऱ्याच कंपन्या विसरतात. आम्ही उडवायचो ते फक्त शिवीगाळ, कोणाचा फोन नंबर आणि फसव्या लिंका. खरी तक्रार कधीच नाही.

पण कंपन्यांचं सगळंच उचलू नका. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, हे वाक्य आमच्याकडे सेव्ह करून ठेवलेलं असायचं, दिवसभर तेच चिकटवायचो आणि लोक अजून भडकायचे. तुम्ही साधं आपल्या भाषेत लिहा. पैसे देऊन ब्लॉगर आणलेत तर ती जाहिरात आहे असं पोस्टवर स्पष्ट लिहावं लागतं, जाहिरात क्षेत्राच्या परिषदेचे २०२१ पासूनचे नियम आहेत, आणि नाही लिहिलं तर ती फसवणूकच ना. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकवाली मुलगी १९६६ पासून होर्डिंगवर आहे, तीच आज इन्स्टावर दिसते, म्हणून लोकांना ती घरची वाटते. तुमच्या पेजवर सासूबाई आहेत, बारा हजार देऊन तो आवाज दुसऱ्याच्या हातात का द्यायचा?

प्रतिसाद, कातळावरचा:
देवगडातून लिहितोय. साका बाहेरून दिसत नाही, हे शहरातल्या गिऱ्हाइकाला आपण कधी सांगतच नाही, मग त्याला वाटतं मुद्दाम खराब माल घातला. फळ झाडावर जास्त तयार झालं आणि उन्हाची, कातळाची धग लागली की साका वाढतो, म्हणून चौदा आणे तयार, म्हणजे पुरतं तयार व्हायच्या थोडं आधीचं फळ सकाळी लवकर उतरवायचं. यावरच एक रील करा, साक्याचा आंबा कापून दाखवा. आणि ऑर्डर घेतानाच सांगा की खराब निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे परत मिळतील. मी तीन वर्षं असंच करतोय, गिऱ्हाईक तुटत नाही.

अजून एक, व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून पेटीत चिठ्ठी घाला, नंबर सेव्ह करा म्हणून.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. काल संध्याकाळी आधी त्या ताईंना फोन केला, पहिली पाच मिनिटं त्या बोलल्या आणि मी ऐकलं. त्यांच्या सासऱ्यांसाठी मागवले होते, आजारपणातून उठल्यावर पहिला आंबा म्हणून. ते ऐकून मला रडूच आलं. मग ग्रुपवर त्यांच्याच पोस्टखाली हे लिहिलं:

"कमेंट आम्हीच उडवली, घाबरून उडवली, ते चुकलं. आंब्यात साका होता, फोटो खरा आहे. ताईंचा मेसेज चार दिवस आम्ही बघितला नाही ही दुसरी चूक. नऊ आंब्यांच्या बदल्यात दोन डझन पाठवतोय. आणखी कोणाला असे आंबे गेले असतील तर कृपया सांगा."

रात्रीत दोघांनी सांगितलं, त्यांचेही पाठवतोय. कॅन्सल केलेल्यांपैकी एकीने परत ऑर्डर दिली. एजन्सीला नकार कळवलाय. रिक्वेस्टचा खण आता रोज दिवेलागणीला पुतणी आणि मी मिळून बघतो, आणि साक्याच्या रीलसाठी सासूबाई उद्या स्वतः आंबा कापणार आहेत. पुण्याची पेटी सकाळच्या गाडीने गेली.