मदत हवी आहे: कडवळ (चाऱ्याची ज्वारी) घातल्यावर आठवड्याभरात दोन गायी गाभडल्या

सांगोला तालुक्यातून लिहितोय. गोठ्यात सहा संकरित गायी आहेत. तिसऱ्या वेताची, सात महिन्यांची गाभण गाय सोमवारी गाभडली आणि शुक्रवारी तिच्या शेजारची, साडेपाच महिन्यांची. पहिलीची वार अडकली होती, डॉक्टर रोज येताहेत.

ब्रुसेलाची (गाय गाभडवणारा, माणसालाही होणारा जंतू) तपासणी केली, नाही निघाला. ताप नव्हता, कुणी शिंग मारलं किंवा घसरली असंही नाही. डॉक्टर म्हणाले, आता चारा बघा.

मला कडवळाची शंका येतेय. युरिया दोनदा टाकला होता, मग तीन आठवडे पावसानं ओढ दिली, कडवळानं माना टाकल्या. नंतर एक चांगला पाऊस झाला. घरात वैरण नव्हती म्हणून तिसऱ्याच दिवशी बुडापासून कापलं आणि दोन्ही वेळा पोटभर घातलं. कडवळ छातीएवढं होतं, कोवळ्याची किरळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागावी असं नव्हतं. दोन दिवस गायी धापा टाकत होत्या, मी उकाडा समजलो. ते आठवलं की फार वाईट वाटतं.

आणखी दोन गाभण आहेत. कडवळ बंद केलंय. उभं आहे ते वाळवून घातलं तर चालेल का?

प्रतिसाद:
दादा, वाचून जीव हळहळला. लक्षणं नायट्रेटच्या विषबाधेशी जुळतात; युरिया टाकून पावसानं ओढ दिली की ते कडवळात साठतं. पोटात त्याचं नायट्राइट होतं, मग रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. गाय तगते, पोटातलं वासरू गुदमरतं, म्हणून गाभडणं काही दिवसांनी दिसतं. वाळवू नका, वाळल्यानं नायट्रेट जात नाही. मुरघासात बरंच कमी होतं, तरी तपासूनच घाला. सगळ्यात जास्त ते धाटाच्या बुडाकडे असतं. पावसानंतर आठवडाभर थांबून, वीतभर बुडखा सोडून कापायचं. डॉक्टरांकडून धाटाची डायफिनायलअमीन चाचणी करून घ्या, नायट्रेट असेल तर गडद निळा रंग येतो. गाभण असताना सुजेवर डेक्सामेथासोनचं (स्टेरॉइड, यानं गाय गाभडू शकते) इंजेक्शन दिलं होतं का, पेंडेला बुरशी आहे का, हेही बघा. आणि ब्रुसेलासाठी दोन-तीन आठवड्यांनी परत रक्त द्या. तोवर वारेला उघडा हात लावू नका.

धागाकर्ता:
इंजेक्शन दिलेलं नाही. बुडखा सोडायचा हे माहीतच नव्हतं. आत्ता पेंडेचं पोतं उपसलं, तळाला काळी बुरशी निघाली. तिच्यानंही गाय गाभडते का? दोन्ही गायींना हीच पेंड होती.